पाठीवर पिठाचं बोट

आश्रुबा माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला, की त्या दिवशी एखादं गिऱ्हाईक माझ्या हातचं जाणार हे ठरलेलं असे.

गंगाखेडच्या बाजारात माझं दोर-सुतळीचं दुकान आहे. वडिलांच्या वेळी तिथं कासरे, नाडे आणि अंबाडीच्या सुतळीचे गड्डे मिळत. मी त्यात सुती नवार आणली आणि नंतर नायलॉनची, लाल-पिवळी, निळी-पांढरी, जी लांबूनच डोळ्यांत भरते. चाळीस वर्षं हा धंदा केला. माझा स्वभाव तापट आहे हे बाजारात कुणीही सांगेल, आणि तो तापट होण्यात आश्रुबाचा वाटा मोठा आहे.

आश्रुबा बाजा विणतो. माल माझ्याकडूनच नेतो, म्हणून पायरीवर बसायचा आपला हक्क आहे अशी त्याची समजूत. गिऱ्हाईक यायचं, म्हणायचं, अंगणात टाकायला बाज विणून घ्यायची आहे, काय द्याल? मी नायलॉनचा गुंडा पुढं करायचो. "हे घ्या. ऊन लागू द्या, पाऊस लागू द्या, काई होत न्हाई. धुवायची कटकट न्हाई. बादलीभर पानी मारलं की झालं." गिऱ्हाईक हात लावून बघायचं, रंग निवडायचं, मी मापायला घ्यायचो, आणि नेमका तेव्हाच पायरीवरून आवाज यायचा.

"पर बाजंवर निजणार कोण हाय?"

आता याच्याशी त्याला काय करायचं? पण गिऱ्हाईक थांबायचंच. एकदा जिंतूरकडचा एक शेतकरी आला होता. सगळा निळा नायलॉन मापून झाला होता. आश्रुबानं विचारलं, निजणार कोण? तो म्हणाला, लेक बाळंतपणाला आलीय. "मग खाली शेगडी ठिवणार का न्हाई?" आश्रुबा म्हणाला. "बाळंतिणीला शेक देणार, ओव्याची धुरी देणार. निखारा वर उडाला की हे पिलास्टिक वितळतंय. लेकराला घिऊन माय खाली येईल." शेतकऱ्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसा काही मीच निखारा हातात धरून उभा होतो. सुतळी घेऊन गेला. मापलेला नायलॉन मी परत गुंडाळत बसलो. आश्रुबा खरं बोलला होता म्हणूनच राग जास्त आला.

तो नायलॉनचा वैरी होता असंही नाही. परळी रोडवरच्या ढाब्याच्या साऱ्या बाजा त्यानं नायलॉननंच विणल्या. मी डिवचलं, "आता कुठं गेलं तुजं पिलास्टिक?" तर शांतपणे म्हणाला, "ढाब्यावर कोण निजतंय, आप्पा? बसत्यात, जेवत्यात, वरण सांडत्यात अन् जात्यात. तिथं हेच बरं." म्हाताऱ्या माणसाला तो सुती नवार सांगायचा, पण बाज पावसात राहणार असेल तर नाही, कारण भिजलेली सुती नवार लवकर वाळत नाही आणि मग कुजते. रानात राखणीला न्यायच्या बाजेला सुतळी. मजबूत, खालून वारा लागतो, आणि टोचते म्हणून राखणदाराला फार झोप लागत नाही. हे शेवटचं तो हसून सांगायचा. माणूस आणि जागा कळल्याशिवाय लांबी-रुंदी विचारायची नाही, हा त्याचा कायदा.

त्याचा दुसरा कायदा मला त्याच्या घरी कळला. रेल्वे फाटकाच्या पलीकडं त्याचं पत्र्याचं घर आणि पुढं मोठं अंगण, त्यात कडुलिंब. एकदा मालाचा गड्डा द्यायला गेलो, तर हा गडी नव्या बाजेवर सदरा काढून उताणा पडलेला. मला वाटलं बरं नाही. चुलीपाशी त्याची बायको पार्वतीबाई भाकरी थापत होती, ती म्हणाली, "बसा आप्पा. भाकरी होऊस्तोवर उठणार न्हाई ते."

शेवटची भाकरी तव्यावरून उतरली तसा आश्रुबा उठला आणि तिच्याकडं पाठ करून बसला. पार्वतीबाईनं पिठाच्या हातानंच त्याच्या पाठीवर उठलेले वळ बघितले. जिथं वळ खोल, तिथं बोट टेकवलं. पिठाचा ठिपका उमटला. "हितं ताण जादा हाय. अन् हितं झोळ पडलाय, कंबर खाली जायली." आश्रुबानं मान वळवून, हात मागं नेऊन ठिपके कुठं आहेत ते चाचपलं आणि बाजेची तेवढी वीण सोडवायला घेतली. लग्न झाल्यापासून त्यांचं असंच चाललं होतं. तिनं पाठ वाचल्याशिवाय त्याच्या अंगणातून बाज बाहेर गेली नाही. मी घरी येऊन हे माझ्या बायकोला, गौराबाईला सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या पाठीकडं बघायची मला तर भ्याच वाटतीय."

गेल्या दिवाळीत पार्वतीबाईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. 'हं' आणि 'न्हाई' एवढे दोनच शब्द उरले. सरकारी दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा आश्रुबानं तिला आत ठेवलं, तर तिनं दाराकडं बघून रडायला सुरुवात केली. त्या बाईचा सारा जन्म अंगणात गेलेला. चूल अंगणात, निवडण-टिपण अंगणात, फाटकाशी थांबलेल्या बायांशी बोलणं अंगणातून. आत पत्र्याखाली नुसता कोंडमारा. म्हणून आश्रुबानं तिच्यासाठी नवी बाज विणली आणि लिंबाखाली टाकली.

सुतळीनं विणली. नेहमीसारखं स्वतः निजून बघितलं. पण पाठ वाचणारी बाजेवरच पडून राहणार होती, म्हणून त्यानं शेजारच्या दगडाबाईला पाठ दाखवली. दगडाबाई लांबूनच म्हणाली, "चांगली हाय की पाठ, काय झालंय तिला?" आश्रुबाचं समाधान झालं.

उन्हाळा लागता लागता पार्वतीबाईच्या कमरेखाली, माकडहाडाच्या उजव्या अंगाला, रुपयाएवढी जखम झाली. ते अंग मेलेलं. तिला दुखलं नाही, त्यामुळं कुणाला कळलंही नाही. पाडव्याला त्यांची मुलगी राजेश्री परभणीहून आली, आईला अंघोळ घालताना तिला ती दिसली. पोरगी बापावर ओरडली, मग बापाच्या गळ्यात पडून रडली. जखम वाढली तर हाडापर्यंत जाते, असं डॉक्टरांनी सांगितलं. दर दोन तासांनी कूस बदला, अंग कोरडं ठेवा, अंगाखालचं मऊ पाहिजे. राजेश्रीनं हवेची गादी आणली. तिला सारखी वीज लागते, आणि आमच्याकडची वीज म्हणजे पाहुण्यासारखी, येते तेव्हा येते. वीज गेली की गादी बसायची. शेवटी राजेश्रीनं बापाला अक्षय्य तृतीयेची मुदत घातली, "दादा, आखितीपर्यंत बघते. जखम भरली न्हाई तर मी मायला परभणीला नेणार." तिचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. पोरीचं काही चुकत नव्हतं. पण पार्वतीबाई 'न्हाई, न्हाई' म्हणत लिंबाकडं बघत राहिली.

हे मला आश्रुबानं पायरीवर बसून सांगितलं. मग म्हणाला, "आप्पा, एक काम हाय. न्हाई म्हणू नका."

"बोल."

"तुमची पाठ पायजे."

मला वाटलं मला ऐकायला कमी येतंय. तो म्हणाला, "माझी पाठ बैलाच्या खांद्यावाणी झालीय. सुतळीवर निजून निजून निबर. तिच्यावर वळच उठंना. मी माझ्या पाठीवरून पार्वतीची बाज विणली, चूक झाली माझी. तिचं कातडं पडून पडून मऊ झालंय. मला मऊ पाठ पायजे, अन् साऱ्या गंगाखेडात तुमच्याइतकी मऊ पाठ..."

"पुरे!" मी म्हणालो. "मला काय खुळा समजलास? या वयात लोकाच्या अंगणात उघडा पडू?" आणखीही बरंच बोललो. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आश्रुबा उठून गेला असता तर बरं झालं असतं. तो तसाच बसून राहिला. त्या दिवशी बाजेच्या नवारीला तीन गिऱ्हाइकं आली. मी प्रत्येकाला नायलॉन दाखवला, मापला, दिला. पायरीवरून एकदाही प्रश्न आला नाही. निजणार कोण, हे त्यानं कुणालाच विचारलं नाही. तिघांना माल विकून मला एवढं वाईट वाटेल असं कधी वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गौराबाईला 'फाटकाकडं जाऊन येतो' एवढंच सांगून निघालो.

लिंबाखाली तीन बाजा मांडलेल्या होत्या, सुतळीची, नायलॉनची आणि सुती नवारीची. पार्वतीबाईला दगडाबाईच्या घरची जाड गोधडी घालून ओसरीला डाव्या कुशीवर निजवलं होतं. मी सदरा काढला, बनियन काढलं, गळ्यातलं इष्टलिंग नीट छातीवर घेतलं आणि सुतळीवर पाठ टेकली.

आई गं! दगडाबाई तोंडाला पदर लावून हसली. अशी टोचरी वस्तू मी चाळीस वर्षं 'एकदम गार, एकदम आरामशीर' म्हणून विकत होतो. भाकरी होऊस्तोवर निजायचा नियम. चूल आता आश्रुबाच्या हातात, आणि त्याला भाकरी पटापट थापता येत नव्हती. पहिली फाटली, दुसरी करपली. त्याच्या भाकरी व्हायला पार्वतीबाईच्या दुप्पट वेळ लागला आणि तो सगळा माझ्या पाठीनं भोगला.

मग त्यानं मला हात धरून उठवलं आणि पार्वतीबाईसमोर पाठ करून बसवलं. परातीतलं चिमूटभर पीठ तिच्या डाव्या हाताच्या बोटाला लावलं. "बघ गं," म्हणाला, "आप्पाची पाठ हाय. सांग."

मग माझ्या पाठीवर एक बोट टेकलं. तिथून उचलून दुसरीकडं टेकलं, मग तिसरीकडं. "हं," ती म्हणाली. "हं. हं." आश्रुबा मागून ठिपके मोजत होता. सहा महिन्यांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. भरवत होते, पुसत होते, वळवत होते, पण विचारलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पाठ तिच्याकडं होती म्हणून बरं, कुणाला दिसलं नाही. दगडाबाईला दिसलं असणार, कारण ती हसायची थांबली.

नायलॉनवर निजलो तेव्हा ऊन वर आलं होतं. सावलीतच बाज होती, तरी खालून वाफ आल्यासारखी पाठ घामानं चिंब झाली आणि पट्टीला चिकटली. उठताना चर्र आवाज झाला. पार्वतीबाईनं बोट टेकवलंच नाही, आख्खा तळवा माझ्या ओल्या पाठीवर फिरवला आणि "न्हाई" म्हणाली.

सुती नवारीवर मला डोळा लागला, खोटं कशाला सांगू. पाठीवर वळ जवळजवळ नव्हते. पण तिचं बोट दोनदा एकाच जागी टेकलं, कमरेखाली, माकडहाडापाशी. तिथं नवार झोळ खात होती आणि सगळं वजन एका हाडावर येत होतं. नेमकी तिच्या जखमेची जागा.

"म्हंजी सुती," आश्रुबा म्हणाला, "पर मधी ताठ."

मी सदरा घालत होतो. मला धंद्याचं कळतं, तेवढं बोललो. "आश्रुबा, डोकं ठिकाणावर हाय का? तिला जागेवरच सगळं होतंय. सुती नवार रोज ओली होणार. ओलीवर निजवलीस तर जखम आनखी वाढंल. डॉक्टरनं कोरडं ठिव म्हणलंय. नायलॉन घाल, वर चार घड्या घाल गोधडीच्या. पानी मारलं की झालं. सुती रोज धुणार कोण?"

आश्रुबानं माझ्याकडं बघितलं. त्यात राग नव्हता. माझा प्रश्न त्याला खरंच समजला नसावा.

"मी हाय की," तो म्हणाला.

एवढंच. मी चाळीस वर्षं 'धुवायची कटकट न्हाई' म्हणून नायलॉन विकत आलो होतो. ज्याच्यावर माणूस निजतो ती वस्तू कुणीतरी रोज धुवायची असते, आणि धुणारं माणूस घरात असलं तर ती कटकट होत नाही, हे मला दुकानात बसून कधी सुचलं नाही. चाळीस वर्षं उंटावरून शेळ्या हाकल्या.

त्या दुपारी त्यानं माझ्यासमोर नवारीला कात्री लावली. बाज विणणारा नवार कापत नाही. एकाच लांब नवारीत सगळी बाज विणायची, तुकडा आला की बाज कच्ची, असं तोच सगळ्यांना सांगत आला. त्यानं मधल्या दीड हाताच्या जागेपुरते आडवे तुकडे कापले. डोक्याकडची आणि पायाकडची वीण नेहमीसारखी ठेवली. मधल्या पट्ट्या दुहेरी, एकीला एक चिकटून, दोन्ही बाजूंच्या दांड्यांना वेगवेगळ्या गाठीनं ताणून बांधल्या. गाठ अशी, की एका ओढीत सुटावी. तशाच पट्ट्यांचा दुसरा संच करून ठेवला. एक बाजेला, एक दोरीवर. नवार मी दिली. नको म्हणत होता, मी ओरडलो, मग घेतली.

तयार बाजेवर मला परत निजावं लागलं. दोनदा, कारण पहिल्या वेळी तिचं बोट कमरेपाशी टेकलं. त्यानं गाठी सोडून पुन्हा ताणल्या. दुसऱ्या वेळी पार्वतीबाईनं बोट हवेत धरलं, बराच वेळ बघितलं आणि हात खाली घेतला. घरी अंघोळीला बसलो तर गौराबाई म्हणाली, "पाठीला पीठ कशाचं? गिरणीत पडलाव का?" मी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं जुन्या मऊ लुगड्यांचं गाठोडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, फाटकाकडं जायलाव तर हे न्या.

त्यानंतर मी दुकान उघडायच्या आधी तिकडून चक्कर मारायला लागलो. रोज तेच. आश्रुबा पार्वतीबाईला कुशीवर वळवणार, पलीकडच्या गाठी ओढणार, पट्ट्या काढून दुसऱ्या बांधणार, मग तिला या कुशीवर घेऊन इकडच्या गाठी ताणणार. ओल्या पट्ट्या घेऊन हातपंपावर जाणार, साबण लावून बडवणार, दोरीवर घालणार. लोकांच्या बाजा दुपारी विणणार आणि त्यातही दर दोन तासांनी उठून तिची कूस बदलणार. हातपंपावरच्या बाया आधी हसल्या. नंतर त्याला नंबर न लावता पाणी घेऊ द्यायला लागल्या.

आखितीच्या दिवशी राजेश्री सकाळच्या गाडीनं आली. हातात मोठी रिकामी पिशवी होती, आईचे कपडे भरायला. मी तिथंच होतो. कशाला होतो ते माझं मला माहीत. आश्रुबा चुलीपाशी जाऊन बसला आणि पीठ मळायला लागला.

राजेश्रीनं पिशवी खाली ठेवली. आईला डाव्या कुशीवर वळवलं, लुगडं बाजूला केलं. मी तोंड फिरवून फाटकाकडं बघत उभा राहिलो. मग तिच्या चपलांचा आवाज आला. ती चुलीपाशी गेली, बापाच्या परातीतलं पीठ बोटाला लावून घेतलं आणि परत बाजेपाशी आली. लहानपणापासून तिनं आईला तेच करताना बघितलं होतं.

"हं?" पार्वतीबाईनं विचारलं.

"थांब, माय. बघायलेय."

मला राहवलं नाही, मी मान वळवली. जखमेच्या जागी सुकलेली खपली होती, तिच्या कडेनं नवं गुलाबी कातडं. बाकीच्या पाठीवर एक वळ नव्हता. राजेश्री पिठाचं बोट घेऊन तशीच उभी होती. टेकवायला तिला जागा सापडत नव्हती.

मग तिनं बोट पदराला पुसलं, रिकामी पिशवी उचलून ओसरीच्या खुंटीला अडकवली आणि बाजेच्या गाठी चाचपून बघितल्या.

"दादा," ती म्हणाली, "दुसऱ्या पट्ट्या वाळल्या का? आज मी बांधते."